रुमालाएवढे मैदान

काटकसर आणि कृपणता या एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणी आहेत. एकीला हाक मारावी, तर पुष्कळदा दुसरीच दार उघडते. काटकसर करणारा माणूस उद्याच्या कोणासाठी तरी आज राखून ठेवतो. कृपणाला तो उद्या आणि तो कोणी, या दोहोंचाही विसर पडलेला असतो. हा भेद दुरून सांगणे सोपे आहे. परंतु ज्याच्या मुठीत किल्ल्या असतात, त्याला आपल्या दारी नेमकी कोण उभी आहे हे ओळखता येतेच असे नाही. म्हणून अशा माणसाला हसावे, पण सावकाश हसावे, आणि हसून झाल्यावर त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे.

ज्यांची ही कथा आहे, ते गृहस्थ एका व्यावसायिक फुटबॉल संघाचे मालक होते. दोर आणि ताडपत्र्या करणारा त्यांचा कारखाना होता. कामगारांच्या विरंगुळ्यासाठी वडिलांनी सुरू केलेला संघ वाढत वाढत वरच्या श्रेणीत पोचला आणि पुढे वारशाने मालकांच्या हाती आला. संघावर त्यांचा जीव होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. खेळाडूंचे पगार ठरल्या दिवशी होत. पगाराखेरीज मात्र जे जे काही होते, ते न होण्याकडेच मालकांचा कल असे.

खेळाडूंच्या जर्सीवर नावे नव्हती. "आपल्या माणसांना आपण चेहऱ्यानं ओळखतो," असे मालक अभिमानाने सांगत. छपाईचा दर अक्षरागणिक असतो, हे सांगत नसत. नवा खेळाडू घेताना त्याच्या खेळाआधी त्याच्या पायाचे माप विचारले जाई, कारण सोडून गेलेल्यांचे बूट कपाटात तसेच पडून असत. मध्यंतरात प्रत्येकाला लिंबाची एक फोड मिळे, आणि चोखून झालेल्या फोडी भांडी घासायला कँटीनमध्ये परत जात. न्हाणीघरात गरम पाणी केवळ जिंकल्यावर सोडण्याचा प्रघात होता, त्यामुळे संघाची प्रकृती थंड पाण्याला चांगलीच सरावली होती. चढ आला की संघाच्या बसमधून राखीव खेळाडूंना उतरवतात, अशी अफवा प्रतिस्पर्ध्यांनी उठवली होती. ती निखालस खोटी होती. उतरत ते सगळेच.

मालकांना तोंडावर चिंगूस म्हणण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता. ती त्यांची थोरली बहीण, अक्का. ती त्यांच्याच घरी राहत असे आणि प्रत्येक सामन्याला त्यांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसत असे. तिच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती, आणि तिच्या जागी कारखान्यातला बारीक दोर बांधलेला होता.

"दोर मजबूत आहे," मालक म्हणत.

"दोर मजबूत आहे रे बाळ," अक्का म्हणे, "कान माझा आहे."

आता मैदानाविषयी सांगायला हवे. दोन उन्हाळ्यांपूर्वी माळीबुवांनी येऊन सांगितले होते की मैदानाच्या दोन्ही कडांचे गवत जळाले आहे, नवे बी आणि भरपूर पाणी लागेल. मालकांनी शांतपणे विचारले, "मैदान कमीत कमी किती रुंद असलं तर चालतं?" नियम पाहिले गेले. त्यात बसणारी लहानात लहान रुंदी निघाली, आणि दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेषा फक्कीने आत ओढून घेतल्या गेल्या. जळालेल्या कडा रेषेबाहेर गेल्या, त्यांवरचे उरलेसुरले गवतही गेले आणि तिथे खडी उघडी पडली. कोणी विचारले तर मालक सांगत, "पाण्याच्या निचऱ्यासाठी लहान केलंय."

खेळाडू प्रथम पुष्कळ कुरकुरले. पुढे एका गोष्टीमुळे ती कुरकुर थांबली.

संघात बचावाला खेळणारा एक वयस्क खेळाडू होता. त्याला सगळे गोफण म्हणत. तरुणपणी वडिलांबरोबर लाकडाच्या वखारीत ओंडके उचलून त्याचे खांदे घडले होते. आता पाय जड झाले होते, पण हात तसेच होते. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की तो दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा असतो. हा थ्रो गोफणने घेतला की चेंडू पक्ष्यासारखा जाई. रुंद मैदानावर तो गोलच्या बराच अलीकडे पडत असे. अरुंद मैदानावर तो थेट गोलच्या तोंडाशी उतरू लागला. तिथे संघातला उंच पुढचा खेळाडू उभा असे; त्याने डोके लावले की काम झाले. परगावी हा संघ नेमाने हरे. घरच्या मैदानावर मात्र भल्याभल्यांना त्याने रडवले, आणि तेवढ्या बळावर दोन वर्षे वरच्या श्रेणीत तग धरला. मालकांच्या चिकटपणाने संघाला तारले होते. हे कोचना माहीत होते, माळीबुवांना माहीत होते, खेळाडूंना माहीत होते. केवळ मालकांना कोणी सांगितले नव्हते.

त्या वर्षी हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता आणि तो जिंकला तरच संघ वरच्या श्रेणीत टिकणार होता. गोफणचा करार त्याच हंगामाबरोबर संपत होता. मालकांनी त्याला शब्द दिला होता: संघ टिकला तर आणखी एक वर्ष, खाली गेला तर वयस्कांना निरोप. एका दूरच्या शहरातल्या संघाने त्याला बोलावले होते, परंतु तिथे जायचे तर एकट्याने. बायको इथल्या शाळेत गणित शिकवत होती आणि मुलीचे शाळेचे शेवटचे वर्ष सुरू होणार होते. "बाबा, तुम्ही खुशाल जा, आम्ही दोघी नीट राहू," असे मुलगी म्हणाली होती. ती इतक्या समजूतदारपणे म्हणाली, की त्या दिवशी गोफणला जेवण गेले नाही.

अशा वेळी एका वर्तमानपत्रात क्रीडा विभागाच्या लेखकाने मालकांची थट्टा केली. 'रुमालाएवढे मैदान' असे त्या लेखाचे शीर्षक होते. मालक वर्तमानपत्र विकत घेत नसत. पहारेकऱ्याचे वाचून झाले की ते त्यांच्याकडे येई. त्यामुळे सारे गाव हसून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी त्यांना ते कळले. त्यातच शेवटच्या सामन्याला स्पर्धेचे अध्यक्ष स्वतः येणार असल्याचा निरोप आला. मालक बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी माळीबुवांना बोलावले आणि आयुष्यात प्रथमच, किंमत न विचारता, नवे लॉन मागवायला सांगितले. मैदान रुंद होणार होते.

ही वार्ता पसरताच संघावर शोककळा पसरली. दुपारी कोच, माळीबुवा आणि गोफण असे तिघे मालकांच्या कचेरीत गेले. पडदे उघडे होते, त्यामुळे दिवे बंद होते. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती, पण झोपलेली नव्हती.

"साहेब," कोच म्हणाले, "लॉन नको."

मालकांनी मान वर केली. "दोन वर्षं कोण रडत होतं? मैदान अंगावर येतं, श्वास कोंडतो, म्हणून?"

"तेव्हा रडत होतो. आता सवय झालीय."

"माळीबुवा, तुमचं काय म्हणणं?"

"मी काय म्हणतो," माळीबुवा हात चोळत म्हणाले, "खडी तशी वाईट दिसत नाही. नजर बसलीय आता तिच्यावर."

मालकांचा चेहरा हळूहळू मऊ झाला. त्यांचे डोळे पाणावल्यासारखे झाले. "माझ्या खिशाची इतकी काळजी," ते म्हणाले, "माझ्या सख्ख्या माणसांनीसुद्धा केली नाही कधी."

"ऐकतेय मी," कोपऱ्यातून अक्का म्हणाली.

"नाही, आता तर मी खर्च करणारच. तुमच्यासारख्या माणसांसाठी नाही करायचा, तर कोणासाठी?"

कोचनी कपाळाला हात लावला. "खिशाची काळजी नाही हो साहेब. थ्रोची आहे." आणि त्यांनी सर्व हकिगत सांगितली: गोफणचे हात, गोलपर्यंतचे अंतर, घरच्या मैदानावरचे विजय. मालक ऐकत राहिले. मऊ झालेला चेहरा पुन्हा आवळला गेला.

"म्हणजे आपण खेळून जिंकत नाही. मैदान लहान म्हणून जिंकतो."

"दोन्ही मिळून."

"आणि त्या लेखकानं लिहिलं ते खरं."

माळीबुवा पुन्हा हात चोळू लागले.

"मैदान निचऱ्यासाठी लहान केलं होतं," मालक म्हणाले.

"हो साहेब."

"मग आता निचरा सुधारलाय."

कोच आणि माळीबुवा बाहेर पडले. गोफण दाराशी घुटमळला.

"तुला काय म्हणायचंय?"

"काही नाही साहेब. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे."

"ठाऊक आहे मला. शब्द दिलाय ना? संघ टिकला तर एक वर्ष."

"तेच," गोफण म्हणाला. "टिकला तर." आणि दार हलकेच ओढून घेऊन तो गेला.

दार बंद झाल्यावर अक्काने डोळे उघडले. "बाळ, बाबा असते तर काय केलं असतं?"

"बाबांच्या वेळी लेख लिहीत नव्हते, अक्का."

लॉन आले. गुंडाळलेल्या सतरंज्यांसारखे त्याचे पट्टे फाटकापाशी रचले गेले. ते पाहताच मालकांचा जन्माचा स्वभाव थोडा कळवळला असावा, कारण त्यांनी माळीबुवांना बाजूला घेऊन विचारले, "पाहुणे कुठल्या बाजूला बसतात?"

"सावलीच्या."

"मग सावलीच्या बाजूला घाला. उन्हाच्या बाजूला कोण बघतंय? निम्मं परत पाठवा."

त्याप्रमाणे सावलीच्या बाजूची रेषा बाहेर सरकली, खडी झाकली गेली आणि मखमलीसारखा हिरवा पट्टा लुकलुकू लागला. उन्हाची बाजू होती तशीच राहिली. सरावाच्या वेळी गोफणने नव्या रेषेवरून थ्रो घेऊन पाहिला. चेंडू गोलच्या पुष्कळ अलीकडे, जिथे कोणीच उभे नव्हते अशा जागी पडला. त्याने आणखी एक घेतला. मग चेंडू जाळीत ठेवून तो घरी गेला.

सामन्याच्या आदल्या दिवशी मालक अक्काला मैदान दाखवायला घेऊन आले. तिने चष्मा सावरून दूरवर पाहिले.

"छान आहे. पण गोल एका बाजूला सरकल्यासारखा वाटतोय."

"अक्का, चष्मा बदल तुझा."

"तू बदलून दे, मी बदलते."

विषय तिथेच संपला.

सामन्याच्या दिवशी सकाळी पंच आले. शिडशिडीत बांध्याचे, मितभाषी गृहस्थ. नियमाप्रमाणे त्यांनी टेपने मैदान मोजले, मग पुन्हा मोजले, आणि टेप गुंडाळत म्हणाले, "गोल मध्यावर नाहीत."

सर्वांनी वळून पाहिले. आणि पाहिल्याबरोबर ते इतके उघड दिसू लागले की आजवर कसे दिसले नाही याचेच आश्चर्य वाटावे. एका बाजूला मैदान वाढले होते, दुसऱ्या बाजूला नव्हते. गोलचे खांब मात्र जुन्या मध्यावर इमानाने उभे होते. कोच, खेळाडू, माळीबुवा, सगळे त्या नव्या रेषेकडे इतके दिवस अशा दुःखाने पाहत होते, की इतरत्र कोणी पाहिलेच नव्हते.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," अक्का म्हणाली.

"मी अशा मैदानाला मान्यता देऊ शकत नाही," पंच म्हणाले. "त्या बाजूचीही रेषा बाहेर घ्यायची, तर तिथं खडी आहे, खडीवर मी खेळू देणार नाही. तेव्हा एक तर दोन्हीकडचे खांब हलवा, नाहीतर ही रेषा पूर्वीच्या जागी न्या. दुपारपर्यंत ठरवा."

मालकांनी घसा साफ केला. "माळीबुवा, खांब हलवायला काय काय लागेल?"

"खोदकाम आलं. सिमेंट आलं. माणसं लागतील, ती आजच्या आज म्हणजे दुप्पट मागतील."

"आणि रेषा?"

"बादलीभर पाणी. आणि फक्की."

एका बाजूला अध्यक्षांची गाडी आणि तो लेखक होता. दुसऱ्या बाजूला एक बादली होती. कोच आकाशातले ढग पाहू लागले, जरी आकाश निरभ्र होते. गोफण मालकांच्या हातातल्या किल्ल्यांकडे पाहत होता. दोन वर्षे ज्या स्वभावाला या सर्वांनी पाठीमागे नावे ठेवली होती, त्याच स्वभावाने आता दगा देऊ नये, अशी मनोमन प्रार्थना तिथला प्रत्येक जण करीत होता.

"फक्की घरचीच आहे ना?" मालकांनी विचारले.

"घरचीच."

"मग रेषा आत घ्या."

कोचना एकाएकी खोकल्याची उबळ आली आणि त्यांना तोंड फिरवावे लागले.

दुपारी अध्यक्ष आले आणि मालकांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसले. समोरच, कडेच्या रेषेबाहेर, पाण्याने न्हालेला तो हिरवा पट्टा पसरला होता. मालकांनी आयुष्यात केलेला सर्वांत मोठा खर्च, ज्याचा खेळाशी काडीचा संबंध उरला नव्हता.

"फारच सुंदर लॉन," अध्यक्ष म्हणाले. "पण रेषेच्या बाहेर का?"

मालकांनी क्षणभर अक्काकडे पाहिले. अक्काने मदत केली नाही.

"थ्रो घेणाऱ्याला धावायला," मालक म्हणाले. "आमच्याकडे थ्रोला महत्त्व आहे."

पाहुण्या संघालाही गोफणचे हात ठाऊक होते. चेंडू बाहेर काढायचाच तर उन्हाच्या बाजूला, असे त्यांच्या बचावाला बजावलेले होते. त्या बाजूला खडी होती. खडीवर पाय घसरतो, म्हणून गोफण धाव न घेता जागच्या जागी फेकत असे. दोन वर्षे त्याने तसेच फेकले होते, आणि बेसावध गोलरक्षकांना तेवढेही पुरत असे. हा गोलरक्षक सावध होता. प्रत्येक चेंडू त्याने पुढे येऊन अलगद झेलला. मध्यंतर झाले, लिंबाच्या फोडी चोखून झाल्या, उत्तरार्धही सरत आला. गोल नव्हता. गॅलरीत वरच्या रांगेत गोफणची बायको बसली होती, आणि मुलगी आईचा हात धरून मैदानाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहत होती.

सामना संपत आला असताना गोंधळ उडाला. दोघांच्या पायांना लागून चेंडू भलतीकडे उडाला आणि सावलीच्या बाजूने बाहेर गेला. गोफण धापा टाकत आला. त्याने चेंडू उचलला तो ओला. नव्या लॉनवर त्या सकाळी माळीबुवांनी हात न राखता पाणी मारले होते. तशी परवानगी त्यांना प्रथमच मिळाली होती. ओला चेंडू हातांतून निसटतो. जर्सी घामाने चिंब होती, आणि या संघात टॉवेल ठेवण्याची पद्धत नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिले. समोर पहिल्या रांगेत मालक होते.

मालकांनी खिशात हात घातला. घडी केलेला, पांढरा शुभ्र रुमाल बाहेर काढला, त्याच्याकडे एकदा पाहिले आणि कठड्यावरून पुढे केला.

"नीट पूस," ते म्हणाले.

गोफणने चेंडू कोरडा केला, रुमाल कमरेला खोचला आणि मागे सरकू लागला. खडी असती तर तो तिथेच थांबला असता. पण पायाखाली मऊ, घट्ट लॉन होते, आणि तो मागे मागे गेला, टाच गॅलरीच्या भिंतीला टेकेपर्यंत. इतकी लांब धाव त्याला उभ्या कारकिर्दीत कोणी दिली नव्हती. मग तो धावला. रेषेशी पाय रोवून त्याने कमरेतून असा झोक दिला, की वखारीतले सारे ओंडके त्या एका फेकीत उतरले असावेत. गोलरक्षक सवयीप्रमाणे पुढे आला होता. चेंडू त्याच्या हातांवरून पलीकडे गेला. तिथे संघातला उंच खेळाडू उभा होता. त्याने फक्त डोके लावले.

गॅलरी उठून उभी राहिली. अध्यक्ष टाळ्या वाजवत म्हणाले, "म्हणूनच लॉन बाहेर घातलंत. दूरदृष्टी म्हणतात ती ही."

मालक मागे वळून पाहत होते. वरच्या रांगेत एक मुलगी आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती, ते त्यांना दिसले होते. सामना संपल्यावर ते खाली वाकले आणि रेषेजवळून परतणाऱ्या गोफणला म्हणाले, "माझा रुमाल?"

"धुऊन देतो, साहेब."

संघ टिकला. त्या संध्याकाळी न्हाणीघरात गरम पाणी सोडण्यात आले. ते शेवटच्या काही जणांपर्यंत पोचले नाही, परंतु तक्रार कोणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोफण बायकोला घेऊन कचेरीत आला. पडदे उघडे होते, दिवे बंद होते. मालकांनी दोघांना बसायला सांगितले.

"एक वर्ष," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. मुलीला म्हणावं, अभ्यास कर. बाबा इथंच आहेत." मग थोडे थांबून म्हणाले, "उन्हाच्या बाजूलाही लॉन घालतोय. रेषेच्या बाहेर. तिथूनही धाव मिळायला हवी तुला."

"पुरी बाजू?" अक्काने कोपऱ्यातून विचारले.

"पुरी, अक्का. आणि तुझा चष्मा पण."

"चष्मा राहू दे. टेपला जे दिसलं, ते मला याच्यातून आधी दिसलंय. काडी तेवढी बदल."

गोफणने खिशातून रुमाल काढला. बायकोने तो धुऊन, इस्त्री करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून दिला होता. त्याने तो दोन्ही हातांनी पुढे केला. मालकांनी हात पुढे नेला, मग मागे घेतला.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले.

अक्का चष्म्यावरून पाहत राहिली.

"वर्षभर," मालक म्हणाले.

जे जन्मभर मूठ मिटून चालले, त्यांची मूठ अशीच हळूहळू, बोटांना दुखू न देता उघडत राहो. ज्या घराच्या वाट्याला ते एक वर्ष आले, तिथे सकाळी तिघांचे चहाचे पेले एकत्र धुतले जावोत आणि गणिताच्या बाईंची लेक सुखाने आपली परीक्षा देवो. अक्काच्या कानाला आता काही न रुतो. आणि मैदानाच्या दोन्ही कडांना, कोणाच्याही थट्टेची वाट न पाहता, पाणी मिळत राहो.